टाकून दिलेले पिल्लू रीतसर दत्तक घेताना: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

पावसाळा सरल्यावर मराठवाड्यातील मोंढ्यांत (धान्यबाजारांत), बसस्थानकांच्या आवारात आणि शेतातील आखाड्यांवर (झोपड्यांजवळ) कुत्र्यांची पिल्ले मोठ्या संख्येने दिसू लागतात, आणि त्यांपैकी काही पोत्यात किंवा खोक्यात घालून कोणीतरी गावाबाहेर आणून टाकलेली असतात. अशा पिल्लाला घरी नेणे ही दयेची गोष्ट आहेच. परंतु ते कायम त्या घरात राहावे, यासाठी लेखी अर्ज, नोंद आणि लसीकरणाचे कागद आवश्यक आहेत. कागदाविना हातोहात दिलेले पिल्लू मोठे झाल्यावर पुन्हा रस्त्यावर आले, तर त्याची जबाबदारी कोणावरही निश्चित करता येत नाही.

आधी खात्री, मग अर्ज

एकटे दिसणारे प्रत्येक पिल्लू बेवारस नसते. आई अन्नाच्या शोधात काही तास दूर जाते, त्यामुळे पिल्ले सुरक्षित जागी आणि शांत असतील, तर लांबून वाट पाहावी. आई परतल्यास पिल्लांना किमान आठ आठवडे तिच्याजवळच राहू द्यावे. श्वान प्रजनन व विक्रीसंबंधीच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही, आणि दत्तक देतानाही हीच मर्यादा पाळावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पिल्ले बांधलेल्या पोत्यात, वाहत्या रस्त्याकडेला किंवा भर उन्हात टाकलेली असतील, तर मात्र थांबू नये. तीन आठवड्यांखालील पिल्लाला स्वतःच्या शरीराची ऊब टिकवता येत नाही. म्हणून त्याला आधी ऊब द्यावी आणि त्यानंतरच पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पिल्लांसाठीचे तयार दूध पाजावे, कारण गाई-म्हशीच्या दुधाने त्याला हगवण लागू शकते. हाताळताना चावा बसला किंवा ओरखडा उठला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात रेबीजची लस सुरू करावी.

कायद्याचा आधार

प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार, उपासमार किंवा तहान यांमुळे वेदना होतील अशा स्थितीत प्राण्याला सबळ कारणाशिवाय सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी या कायद्यातील दंड आजही १० ते ५० रुपये एवढाच आहे, याचे वाईट वाटते. तरीही वाहनाचा क्रमांक किंवा छायाचित्र हाती असल्यास पोलीस ठाण्यात लेखी तक्रार अवश्य द्यावी. दत्तक घेण्यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात स्पष्ट केले आहे की, इच्छुक व्यक्तीला स्थानिक नागरी संस्थेकडे अर्ज करता येईल, निवडलेल्या कुत्र्याला ओळखचिन्ह लावून तो अर्जदाराच्या स्वाधीन केला जाईल, आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी अर्जदाराची राहील. त्यानंतर ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातील कुत्री निवारागृहात हलवून ती पुन्हा त्याच जागी न सोडण्याचा आदेश झाला. त्यामुळे अशा आवारांत जन्मलेल्या पिल्लांना वेळीच घर मिळणे आता अधिक निकडीचे झाले आहे.

पात्रता

अर्जदार सज्ञान असावा आणि घरातील सर्वांची संमती असावी. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी घरमालकाचे संमतीपत्र आधीच घ्यावे, कारण घर बदलताना कुत्रा मागे सोडला जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. बीड, जालना आणि आसपासच्या जिल्ह्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि काही महिने गाव सोडून राहतात. अशा घरांना नकार देणे अन्यायाचे ठरेल, मात्र त्या काळात पिल्लाला कोण सांभाळणार, त्याचे नाव आणि संमती अर्जातच घ्यावी. केवळ राखणीसाठी दिवसभर साखळीला बांधून ठेवण्याचा हेतू दिसत असेल, तर पिल्लू देऊ नये.

कागदपत्रे आणि अर्ज

सामान्यतः आधार कार्ड किंवा अन्य ओळखपत्र, रहिवासाचा पुरावा (वीजबिल किंवा भाडेकरार), पासपोर्ट आकाराची छायाचित्रे, घरमालकाचे संमतीपत्र आणि हमीपत्र मागितले जाते. हमीपत्रात लसीकरण, निर्बीजीकरण, पाहणीसाठी येऊ देणे आणि सांभाळणे अशक्य झाल्यास पिल्लू दत्तक देणाऱ्या संस्थेलाच परत करणे, या चार गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात.

छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, लातूर आणि नांदेड येथे महानगरपालिकेकडे, तर लहान शहरांत नगरपरिषदेकडे अर्ज करावा आणि पोच घ्यावी. गावात ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज देऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पिल्लाची तपासणी करून घ्यावी. आजार गंभीर असल्यास परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. पिल्लू प्राणिमित्र संस्थेकडून घेत असल्यास तिची नोंदणी तपासावी आणि दत्तकपत्रावर दोन्ही बाजूंच्या सह्या असल्याची खात्री करावी.

ताबा मिळाल्यानंतर

जंतनाशक दोन-तीन आठवड्यांच्या वयापासून, तर पार्व्हो, डिस्टेंपर यांसारख्या रोगांवरील लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात, आणि साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस दिली जाते. लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लाला इतर कुत्र्यांच्या संपर्कात नेऊ नये, कारण पार्व्होमुळे एका आठवड्यात एका वेताची सगळी पिल्ले दगावू शकतात. रेबीज लसीचे प्रमाणपत्र मिळताच श्वान परवान्यासाठी अर्ज करावा. त्याचे शुल्क आणि मुदत प्रत्येक नागरी संस्था ठरवते. निर्बीजीकरणाची तारीख पिल्लू सहा महिन्यांचे होण्याच्या सुमारास पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावी आणि शस्त्रक्रियेच्या प्रमाणपत्राची प्रत दत्तकपत्राला जोडावी. पत्ता बदलल्यास नवा पत्ता दत्तक देणाऱ्या संस्थेला आणि परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवावा.