सुषिरवाद्य पंचक, लॅटिन अमेरिकी

फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न आणि बसून या पाच वाद्यांच्या मेळासाठी लॅटिन अमेरिकेतील, तसेच अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राहणाऱ्या लॅटिनो रचनाकारांनी लिहिलेले कक्षसंगीत आणि ते वाजविणारे मेळ. यांपैकी इतर चार काष्ठ-सुषिरवाद्ये असून हॉर्न हे पितळी वाद्य आहे, तरी या मेळात ते रूढ झाले आहे.

पंचकाच्या घडणीचे श्रेय परंपरेने आंटोन राइखा (१७७०–१८३६) यास दिले जाते. त्याची २४ पंचके पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुढे आली. तथापि जुझेप्पे कांबीनीची तीन पंचके सु. १८०२ मधील असावीत, आणि त्याही आधी आंतोनियो रोझेत्ती (मृत्यू १७९२) याच्या एका रचनेत हॉर्नच्या जागी मध्यम स्वरक्षेत्राचे दुहेरी पत्तीचे वाद्य योजलेले आढळते. हे वाद्य बहुधा कोर आंग्ले असावे. त्यामुळे राइखाला जनक म्हणण्यापेक्षा या प्रकाराला स्थैर्य देणारा म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

हाच वाद्यबदल ब्राझीलच्या एइतोर व्हिला-लोबोस (१८८७–१९५९) याच्या ‘शोरूच्या घाटातील पंचक’ (१९२८) या रचनेत पुन्हा दिसतो. मूळ संहितेत हॉर्न नसून कोर आंग्ले आहे. रूढ मेळाच्या सोयीसाठी हॉर्नची आवृत्ती नंतर आली. दोन्ही वाद्ये लिहिलेल्या स्वरापेक्षा शुद्ध पंचमाने खाली वाजत असल्याने लेखनात फारशी अडचण येत नाही. पण मूळ योजनेत पाचांपैकी तीन वाद्ये दुहेरी पत्तीची, म्हणजे सनईच्या कुळातील आहेत, आणि हॉर्न आले की तो किंचित अनुनासिक, कडवट नाद सौम्य होतो. मूळ योजना ऐकण्याची संधी त्यामानाने क्वचितच मिळते.

‘शोरू’ हा रिओ दी जानेरोतील, सु. १८७० नंतर आकारास आलेला वाद्यसंगीत-प्रकार असून त्याच्या आरंभीच्या मेळांत फ्लूट, गिटार व कव्हाकीन्यू (गिटारसारखे लहान, चार तारांचे वाद्य) ही वाद्ये असत. फ्लूटवादक जोआकीं कालादू (१८४८–८०) हा त्याचा आद्य प्रवर्तक मानला जातो. नावाच्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. ब्राझीलचा लोकसंस्कृती-अभ्यासक कामारा कास्कुदो याने ते आफ्रिकी वंशीयांच्या ‘शोलो’ या नृत्यमेळाव्याशी जोडले, तर संगीत-अभ्यासक आरी व्हास्कोंसेलुस याने वसाहतकाळातील ‘शोरोमेलेइरुस’ या सुषिरवादकांच्या संघांशी. दुसरे मत सुषिरवादकांना साहजिकच प्रिय आहे. परंतु ते संघ आणि शोरू यांमधील कालाचे अंतर भरून काढणे कठीण असल्याने, ‘शोरार’ (रडणे) या क्रियापदावरून, गायन-वादनाच्या करुण ढंगामुळे, हे नाव पडले असावे ही साधी उपपत्तीच अधिक ग्राह्य वाटते.

मेक्सिकोच्या कार्लोस चावेस (१८९९–१९७८) याच्या ‘सोली’ मालिकेतील पहिली रचना (१९३३) ओबो, क्लॅरिनेट, ट्रंपेट व बसून यांसाठी आहे आणि तिच्या प्रत्येक भागात एकेक वाद्य अग्रभागी येते. दुसरी (१९६१) मात्र पूर्ण पंचकासाठी आहे. मारियो लाव्हिस्ता याची ‘पाच लघुनृत्ये’ (१९९४) आणि आर्तुरो मार्केस याचे ‘मध्यान्हीचे नृत्य’ (१९९६) या नंतरच्या उल्लेखनीय मेक्सिकन रचना होत. क्यूबात जन्मलेल्या पाकितो द’रिव्हेरा याच्या ‘उष्णकटिबंधीय वारे’ (१९९४) या सात भागांच्या रचनेत सोन, हाबानेरा, व्हेनेझुएलाचा वॉल्ट्झ, कोंत्रादान्सा असे संगीत-नृत्यप्रकार एकापाठोपाठ येतात, आणि एक भाग जॅझवादक डिझी गिलेस्पी यास उद्देशून आहे.

या भांडारास वाहिलेल्या मेळांमध्ये सॅन फ्रॅन्सिस्को परिसरातील ‘किंतेतो लातीनो’ ठळक आहे. हॉर्नवादक आर्मांदो कास्तेयानो यांनी स्थापिलेला हा मेळ लॅटिन अमेरिकी व लॅटिनो रचनाकारांचे संगीत सादर करतो. व्हॅलरी कोलमन यांनी १९९७ मध्ये स्थापिलेल्या न्यूयॉर्कच्या ‘इमानी विंड्स’चे कार्यक्षेत्र अधिक व्यापक असले, तरी आफ्रिकी-अमेरिकी संगीताबरोबर अर्जेंटिनाचा टँगो-रचनाकार पियाझोला व द’रिव्हेरा यांच्या रचनाही त्यांच्या कार्यक्रमांत आल्या आहेत.