कॅम्पस रेडिओ

विद्यापीठाने किंवा महाविद्यालयाने आपल्या आवारातून चालवलेले, थोड्या टप्प्याचे एफएम केंद्र म्हणजे कॅम्पस रेडिओ. भारतात परवान्याच्या दृष्टीने ते ‘सामुदायिक रेडिओ’ या वर्गात मोडते. शिकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र त्याचे महत्त्व वेगळे आहे. पदवी हाती पडण्याआधी खऱ्या श्रोत्यांशी बोलण्याची संधी इतक्या सहजपणे दुसरीकडे क्वचितच मिळते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ (१०७.४ मेगाहर्ट्‌झ), मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातला ‘मस्ट रेडिओ’ (१०७.८), दिल्लीचा ‘रेडिओ जामिया’ (९०.४) आणि बारामतीच्या विद्या प्रतिष्ठानची ‘वसुंधरा वाहिनी’ (९०.४) ही त्याची काही उदाहरणे. ९०.४ हा आकडा देशभर वारंवार भेटतो, कारण या केंद्रांचा टप्पा इतका लहान असतो की एका गावाला दिलेली कंप्रता (फ्रिक्वेन्सी) दूरच्या दुसऱ्या गावालाही देता येते.

या कल्पनेची सुरुवात अमेरिकेत झाली. १९३६ मध्ये ब्राउन विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी वसतिगृहातल्या खोल्या तारांनी जोडून आपल्यापुरते प्रक्षेपण सुरू केले. १९४५ मध्ये तिथल्या सरकारने एफएम पट्ट्यातला ८८ ते ९२ मेगाहर्ट्‌झ हा भाग बिगरव्यापारी, शैक्षणिक केंद्रांसाठी राखून ठेवला आणि १९४८ पासून अवघ्या १० वॉटच्या केंद्रांनाही परवाने मिळू लागले. सिरॅक्यूज विद्यापीठाचे डब्ल्यूएइआर आणि न्यूयॉर्कच्या फोर्डम विद्यापीठाचे डब्ल्यूएफयूव्ही ही दोन्ही केंद्रे १९४७ ची. क्रीडा समालोचनात या दोन केंद्रांतून आलेल्यांची एक परंपराच तयार झाली.

त्यातली व्हिन स्कली यांची हकिकत थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. फोर्डममध्ये शिकत असताना ते डब्ल्यूएफयूव्हीच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक होते. १९४९ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांना वॉशिंग्टनच्या एका केंद्रात बदली निवेदकाचे काम मिळाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ज्येष्ठ समालोचक रेड बार्बर यांनी त्यांना बोस्टनच्या फेनवे पार्क या मैदानावर एका अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यासाठी पाठवले. बंदिस्त कक्ष मिळेल असे समजून स्कली कोट हॉटेलवरच ठेवून गेले होते, आणि प्रत्यक्षात समालोचन करावे लागले ते मैदानाच्या छपरावर, उघड्या थंडीत उभे राहून. प्रक्षेपणात त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. बार्बर यांना हे नंतर कळले आणि हा तरुण त्यांच्या मनात भरला. १९५० मध्ये स्कली डॉजर्स संघाच्या बेसबॉल समालोचनात दाखल झाले आणि २०१६ पर्यंत, म्हणजे ६७ हंगाम, तिथेच राहिले. अडचण आपल्यापाशी ठेवून कार्यक्रम पुढे नेण्याची सवय कोणत्याही पाठ्यपुस्तकातून लागत नाही. ती लागते चालू माईकसमोर, आणि लहान केंद्रावर लागली तर चुकीची किंमतही लहान असते.

भारतात ही वाट फार उशिरा मोकळी झाली. रेडिओ दीर्घकाळ सरकारच्या एकट्याच्या हाती होता. तरुणांना आवाज द्यायचा म्हणून आकाशवाणीने १९६९ मध्ये दिल्लीहून ‘युववाणी’ सुरू केली. पुढे इतर केंद्रांवरही ती आली आणि अनेक पिढ्यांना पहिला माईक तिनेच दिला. तरी ही केंद्रे सरकारचीच होती. बदलाला निमित्त झाले क्रिकेट. बंगाल क्रिकेट संघटनेच्या सामन्यांच्या प्रक्षेपणहक्कावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल दिला की प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. या निकालातले मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे. डिसेंबर २००२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने शिक्षणसंस्थांना परवाने देण्याचे धोरण मंजूर केले. १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात ‘अण्णा एफएम’ हे देशातले पहिले कॅम्पस केंद्र सुरू झाले. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही हा मार्ग खुला केला.

त्या धोरणाने घातलेल्या अटी विद्यार्थ्याच्या शिक्षणाला नकळत आकार देतात. प्रक्षेपणाची प्रभावी शक्ती साधारणपणे १०० वॉटपर्यंत आणि मनोरा ३० मीटरपर्यंत, त्यामुळे आवाज पोहोचतो तो आसपासच्या काही किलोमीटरांत. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक पातळीवरच तयार झालेले हवेत, शक्यतो स्थानिक भाषेत. म्हणजे बाहेरून आयता माल आणून दिवस भरून काढता येत नाही. भाजीवाल्या मावशी, एसटी आगारातले वाहक, पाणीपुरवठ्याचे कर्मचारी, गावातला शाहीर यांच्याकडे जावेच लागते. ध्वनिमुद्रक घेऊन अनोळखी माणसाला बोलते करणे हा या शिक्षणातला सर्वांत मोलाचा भाग मानायला हवा. मुलाखत देणारा माणूस नेमके महत्त्वाचे वाक्य यंत्र बंद केल्यावर बोलतो, हे विद्यार्थी दोन-तीन फेऱ्यांत शिकतो आणि मग यंत्र लगेच बंद करत नाही.

स्टुडिओतले काम याहून बारकाव्याचे. प, फ, ब, भ या ओष्ठ्य वर्णांचा फटका माईकवर आदळतो, म्हणून तोंड किंचित तिरके ठेवावे लागते. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च वेगळा, ‘जग’ आणि ‘जगणे’ यांतला ज वेगळा. न-ण आणि श-स यांची गल्लत तर पहिल्याच वाक्यात उघडी पडते. संहिता लिहिताना पाल्हाळिक वाक्ये मोडावी लागतात, कारण ऐकणाऱ्याला मागच्या ओळीवर परत जाता येत नाही. फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) कधी वर घ्यायचा, गाण्याच्या शेवटावर निवेदन कसे चढवायचे, साडेनऊपर्यंतचा कार्यक्रम साडेनऊलाच कसा संपवायचा, हे सगळे हाताला बसावे लागते. लहान केंद्रात माणसे कमी असल्याने एकच विद्यार्थी संहिता लिहितो, निवेदन करतो, संकलन करतो आणि तांत्रिक बाजूही सांभाळतो. ही टंचाई पुढे त्याच्या कामी येते.

एक मोठी उणीव मात्र इथे कायम आहे. या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा सहक्षेपित करता येतात. हवामान, वाहतूक, परीक्षा, प्रवेश, नागरी सुविधा यांची माहितीही देता येते. पण गावातल्या घटनेचे स्वतः केलेले वार्तांकन देता येत नाही. पत्रकारिता शिकणाऱ्या मुलांवर हा अन्यायच आहे. परिणामी भारतीय कॅम्पस रेडिओतून वार्ताहरांपेक्षा निवेदक, रेडिओ-रूपके (फीचर) रचणारे, नभोनाट्याचे कलाकार आणि ध्वनिसंकलक अधिक सहजपणे घडू शकतात.

इथून पुढच्या वाटा अनेक आहेत. आकाशवाणीच्या नैमित्तिक निवेदकांच्या निवडीत लेखी परीक्षेबरोबर आवाजाची चाचणी असते. माईकची भीती आधीच गेलेल्या उमेदवाराचा तिथे निभाव लागतो. मात्र या कामात महिन्याला मोजक्याच पाळ्या मिळतात, त्यामुळे केवळ त्यावर घर चालत नाही. खासगी एफएम वाहिन्यांना तयार नमुना ऐकायचा असतो. जाहिरातींचे आवाज, डबिंग आणि पॉडकास्ट ही क्षेत्रे त्याला जोडून आली. बोलती पुस्तके ऐकवणाऱ्या स्टोरीटेल या सेवेने २०१७ मध्ये भारतात पाऊल ठेवले तेव्हापासून अशा मराठी पुस्तकांचे वाचन हेही एक काम झाले आहे. तासन्‌तास एकाच लयीत, थकवा कळू न देता वाचणे हे त्यातले कसब, आणि त्याचा पाया नभोवाचनातच घातला जातो.

केंद्र आहे म्हणून विद्यार्थी घडतात, असे मात्र नाही. दिवसभर संगणकावरून गाणी लावून ठेवणारे केंद्र परवान्याने कॅम्पस रेडिओ असले तरी शिकवत काहीच नाही. विद्यार्थ्याला किती वेळ माईक मिळतो, चुकल्यावर त्याचेच ध्वनिमुद्रण समोर बसवून ऐकवणारे कोणी आहे का, यावर सगळे ठरते. दर वर्षी जुनी तुकडी बाहेर पडते आणि तिच्याबरोबर अनुभवही जातो. त्यामुळे वर्षानुवर्षे टिकलेला कार्यक्रम-अधिकारी किंवा तंत्रज्ञ हाच केंद्राचा खरा शिक्षक असतो.

प्रक्षेपित कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवण्याचे बंधन धोरणाने केंद्रांवर घातले आहे. त्यानंतर ते पुसले गेले तरी नियमाचा भंग होत नाही. म्हणून विद्यार्थ्याने आपल्या प्रत्येक कार्यक्रमाची प्रत त्याच आठवड्यात मागून घ्यावी, फसलेल्या कार्यक्रमाचीसुद्धा.