जाव्हात लॉगिंगच्या इतक्या लायब्रऱ्या कशा झाल्या

जुना प्रोजेक्ट उघडून डिपेंडन्सी ट्री (कुठली लायब्ररी कुणावर अवलंबून आहे त्याची यादी) काढला की लॉगिंगच्याच, म्हणजे प्रोग्रॅम चालताना काय घडलं त्याची नोंद ठेवणाऱ्या, चार-पाच जार (लायब्ररीच्या फाइल) दिसतात आणि टीममधलं नवीन कोणीतरी हमखास विचारतं, फाइलमध्ये एक ओळ तर लिहायचीय, त्यासाठी एवढा पसारा कशाला? प्रश्न रास्त आहे, फक्त त्याचं उत्तर कोड वाचून मिळत नाही, त्यासाठी २००२ पर्यंत मागे जावं लागतं.

त्याच्या आधीचं थोडक्यात सांगतो. १९९६ मध्ये युरोपातल्या एका सुरक्षा प्रकल्पाने स्वतःपुरतं ट्रेसिंगचं एपीआय (दुसऱ्या कोडने बोलवायच्या फंक्शनचा संच) लिहिलं, तेच सुधारत सुधारत लॉगफोरजे (Log4j) ही लायब्ररी झालं. लॉगर (नोंद घेणारा), अपेंडर (ती कुठे जाईल), लेआउट (ती कशी दिसेल) ही विभागणी तिथे रुळली आणि आजही आपण तेच शब्द वापरतो.

मग फेब्रुवारी २००२ मध्ये जाव्हा १.४ आलं आणि त्यात लॉगिंगचं नवंकोरं पॅकेज आलं, जेयूएल (java.util.logging). लोक लॉगफोरजे वापरत होते, ते चाचण्यांतून तावून सुलाखून निघालं होतं, तरी ते न घेता वेगळंच एपीआय जेडीकेमध्ये, म्हणजे जाव्हाच्या मूळ संचातच, बसवलं. लॉगफोरजेच्या बाजूच्या लोकांनी आधीच जाहीर विरोध केला होता, उपयोग झाला नाही. जेयूएलच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे, की वेगळी जार लागत नाही, जाव्हा आहे तिथे लॉगिंग आहे. पण वापरायला बसलं की अडचणी दिसायच्या. डीबगच्या जागी फाइन, फायनर, फायनेस्ट अशा लेव्हल, ज्यांतली नेमकी कुठली कधी वापरायची यावर दोन माणसांचं कधी एकमत झालेलं मी पाहिलं नाही. एका नोंदीला डिफॉल्टने दोन ओळी, त्यामुळे ग्रेप मारून शब्द शोधला की वेळ एका ओळीत आणि मेसेज दुसऱ्या. शिवाय सेटिंग अख्ख्या जेव्हीएमला (जाव्हाचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेला) एकच, म्हणजे एका सर्व्हरवर तीन ॲप्लिकेशन असतील तर तिघांचं एकमेकांत. आणि जाव्हा १.३ वर अडकलेल्यांना ते मुळात मिळणारच नव्हतं. माझं मत स्पष्ट आहे, त्या दिवशी आहे तेच आत घेतलं असतं तर पुढची वीस वर्षं खूप सोपी गेली असती.

कारण खरा त्रास झाला तो लायब्ररी लिहिणाऱ्यांना. ॲप्लिकेशनवाला काहीतरी एक निवडून मोकळा होतो, पण लायब्ररीने काय धरायचं? म्हणून मधला थर आला, कॉमन्स लॉगिंग, तुम्ही याच्याशी बोला, खाली काय आहे ते मी चालू असताना शोधतो. हे शोधणं क्लासलोडरच्या, म्हणजे कोड मेमरीत आणणाऱ्या जाव्हाच्या भागाच्या, भरवशावर होतं आणि सर्व्हरमध्ये क्लासलोडर एकात एक असतात, त्यामुळे कधी चुकीचाच लॉगर सापडायचा, कधी ॲप्लिकेशन काढून पुन्हा टाकलं तरी जुना क्लासलोडर मेमरीत तसाच राहायचा. आम्ही कित्येक महिने दर काही डिप्लॉयनंतर सर्व्हर रीस्टार्ट करायचो आणि दोष आमच्या कोडला द्यायचो.

यावर उपाय म्हणून एसएलएफफोरजे (SLF4J) हा दुसरा मधला थर आला, लॉगफोरजे ज्याने सुरू केलं त्याच माणसाने लिहिलेला. त्याने शोधाशोध बंद केली, क्लासपाथवर (प्रोग्रॅमला दिलेल्या जारच्या यादीत) बाइंडिंगची, म्हणजे खालच्या लॉगिंग लायब्ररीशी जोडणारी, जी जार असेल तीच जोडली जायची. महिरपी कंसांची जोडी, {}, मेसेजमध्ये टाकून व्हॅल्यू पुढे द्यायची सवय आपल्याला इथूनच लागली, आणि डीबग चालू आहे का हे आधी इफ लावून तपासायची कटकट बरीचशी गेली. पण जुन्या लायब्रऱ्या अजून कॉमन्स लॉगिंगशी किंवा थेट लॉगफोरजेशी बोलत होत्या, त्यांना वळवायला ब्रिज जार आल्या, आणि लॉगफोरजेकडून एसएलएफफोरजेकडे व एसएलएफफोरजेकडून लॉगफोरजेकडे नेणाऱ्या दोन्ही जार चुकून एकत्र पडल्या की मेसेज गोल गोल फिरून स्टॅक ओव्हरफ्लो.

आता नावाचा गुंता, कारण पुढे तोच महागात पडला. लॉगफोरजे म्हणजे नक्की काय? पहिलं १.x, ज्याचा सपोर्ट ऑगस्ट २०१५ मध्ये संपला. २०१४ मध्ये स्थिर झालेलं २.x, नाव तेच पण आतून नव्याने लिहिलेलं. आणि २.x मध्येही एपीआयची जार वेगळी, कोअरची वेगळी. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरशेल हे २.x मधलं सुरक्षेचं भोक बाहेर आलं, गंभीरता १० पैकी १०, तेव्हा प्रत्येक मॅनेजरचा एकच मेसेज होता, आपल्याकडे लॉगफोरजे आहे का? या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तरच नव्हतं. धोका २.x च्या कोअर जारमध्ये होता. स्प्रिंग बूट हे जाव्हाचं फ्रेमवर्क डिफॉल्टवर ठेवलेल्यांकडे एपीआयची जार आणि एसएलएफफोरजेकडे नेणारा ब्रिज दिसायचा, खाली काम लॉगबॅक ही वेगळी लॉगिंग लायब्ररी करायची, म्हणजे नाव दिसतंय पण हे भोक नाही. १.x वाले या भोकातून वाचले, पण त्यांना कितीतरी वर्षं कुठलाच पॅच मिळाला नव्हता.

मूळ कारण २०१३ मध्ये आत आलेली जेएनडीआय लुकअपची सोय (दिलेल्या नावावरून वस्तू शोधून आणायची, अगदी दुसऱ्या सर्व्हरवरूनही), आणि त्याहून मोठं म्हणजे लुकअप फक्त सेटिंगमध्ये नाही तर लॉग होणाऱ्या मेसेजमध्येही चालायचे. म्हणजे कोणीतरी लॉगिनच्या चौकटीत नावाऐवजी डॉलरचं चिन्ह, महिरपी कंस आणि आत स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता लिहिला, आणि आपण 'लॉगिन फसलं' म्हणून ते नाव लॉगमध्ये टाकलं, की आपला सर्व्हर त्या पत्त्यावर जाऊन तिथला कोड आणून चालवू शकायचा. २.१५.० ने भागलं नाही, मग २.१६.०, २.१७.०, २.१७.१, सगळं त्याच डिसेंबरात. आम्ही तेव्हा जारच्या आतली जार उघडून जेएनडीआय लुकअपचा एक क्लास हाताने डिलीट करत बसलो होतो, कारण ती जार कुठल्या लायब्ररीमागून आली हे ट्रीमध्ये सहाव्या पातळीवर कळायचं.

एसएलएफफोरजे २.० ऑगस्ट २०२२ मध्ये आलं आणि त्याने जोडणीची पद्धतच बदलली, जुन्या बाइंडिंगकडे ते बघतच नाही. एसएलएफफोरजेची जार २.० वर नेली आणि लॉगबॅक १.२ वरच ठेवलं तर बिल्ड पास होतो, ॲप्लिकेशन चालतं, सुरुवातीला प्रोव्हायडर (बाइंडिंगच्या जागी आलेली जोडणी) सापडला नाही अशी एक सूचना येते आणि त्यानंतर लॉगमध्ये एकही ओळ पडत नाही.