पार्श्वभूमी : कोविडकाळातले वृद्धाश्रम आणि दोन शब्दांचा घोळ

प्लेगात गावे ओस पडत आणि माणसे रानात झोपड्या घालून राहत. तेव्हा म्हातारी माणसे घरच्यांबरोबरच असत. ती एका छताखाली एकत्र आली ती फार नंतर. अनुदानित वृद्धाश्रमांची राज्याची योजना १९६३ ची, मातोश्री वृद्धाश्रम १९९५ ची. या योजनांत प्रवेशाचे वय पुरुषांना ६०, बायकांना ५५. मराठवाड्यातल्या अनेक आश्रमांच्या इमारती हॉल पद्धतीच्या : सहा-आठ खाटा, शेवटाला सामाईक संडास-न्हाणी. पंगत, भजन, देखरेख यांना ते सोयीचे. मार्च २०२० नंतर त्याच रचनेने छळले.

कारण आदेश घर डोळ्यापुढे ठेवून लिहिलेले होते, आणि त्यांत दोन शब्द होते. विलगीकरण म्हणजे बाधिताला वेगळे काढणे. अलगीकरण म्हणजे बाधिताच्या संपर्कात आलेल्या, पण अजून ठणठणीत माणसाला ठरावीक दिवस बाजूला ठेवणे. बोलताना दोन्ही ‘क्वारंटाइन’च. बंगल्यात या घोळाने फारसे बिघडत नाही. हॉलमध्ये मात्र बाधित आजीच्या शेजारणींना ‘सगळ्या क्वारंटाइन’ म्हणून तिच्याबरोबरच कोंडले, की उरलेल्याही आजारी पडायच्या.

खरे तर तीन गट लागतात : बाधित, संपर्कातले, बाकीचे. प्रत्येकाला वेगळा संडास आणि वेगळी मावशी. एवढी माणसे नसली तर निदान क्रम पाळायचा : आधी बाकीच्यांचे चहापाणी, मग संपर्कातल्यांचे, शेवटी बाधितांचे, आणि अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय मागे फिरायचे नाही. हा क्रम मोडायचा तो रात्री. पाळीला मावशी एकच, आणि अंथरुणाला खिळलेल्यांचे डायपर क्रम बघून ओले होत नाहीत.

दिवसांचे गणितही विचित्र. मे २०२० च्या धोरणानुसार सौम्य बाधिताला लक्षणांपासून दहा दिवसांनी, शेवटचे तीन दिवस ताप नसेल तर, केंद्रातून सुटी. पुढे सात दिवस ‘घरी’ वेगळे राहायचे. आश्रमवासीयाचे घर म्हणजे तोच हॉल. शेजारणीला मात्र १४ दिवस, आणि मध्येच हॉलमध्ये नवा बाधित निघाला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. धडधाकट बाईच जास्त दिवस अडकायची.

नातेवाइकांच्या भेटी बंद करणे पहिले काही महिने योग्यच होते. नंतर तो नुसता सोपा उपाय उरला, कारण रोज गावातून ये-जा करणाऱ्या मावश्यांवाटे संसर्गाला वाट मोकळीच होती. त्यांना आतच मुक्कामाला ठेवायचे तर जादा पगार आणि झोपायला जागा, दोन्ही हवे.

बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिमीटरने वेगळे फसवले. मेंदी लावलेले किंवा गार पडलेले बोट आकडा खोटा दाखवते. बोट चोळून गरम करायचे, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचे, ९४ च्या खाली दिसला तर दुसऱ्या बोटावर पुन्हा बघायचे. चालल्यावर हा आकडा घसरतो का ते बघायची सहा मिनिटांची चालण्याची चाचणी साठीपुढच्यांना तीन मिनिटांचीच. गुडघे धरलेल्यांना तीही नको.

लसीकरणात पुन्हा वय आडवे आले. १ मार्च २०२१ पासून साठीपुढच्या सर्वांना लस, ४५ ते ५९ मध्ये फक्त सहव्याधी असलेल्यांना. योजनेनुसार ५५ व्या वर्षी आलेल्या निरोगी बाईला एप्रिल उजाडेपर्यंत थांबावे लागले. ओळखपत्र नसलेल्यांसाठी, त्यांत वृद्धाश्रमवासीही आले, वेगळी कार्यपद्धती मे महिन्यात निघाली. बाकीच्यांची नेहमीची नोंदणी करायची तर एका मोबाइल क्रमांकावर चारच नावे बसत. २४ जणांना सहा फोन हवेत. आश्रमात ते स्वयंपाकीण, मावश्या, वॉचमन यांचेच. त्यात कोविशिल्डच्या कुपीत दहा डोस, आणि फोडल्यावर ती चार तासांत संपवायची. २४ जणांना तीन कुप्या म्हणजे सहा डोस शिल्लक. ते वाया जाऊ नयेत म्हणून शेजारच्या वस्तीतली सहा माणसे आधीच सांगून ठेवावी लागत.