पिकअपच्या हौद्याचे अस्तर

पिकअप ट्रकच्या हौद्याचा पत्रा ओरखडे, पोचे आणि गंज यांपासून वाचवण्यासाठी लावलेल्या आवरणाला बेडलाइनर म्हणतात. अमेरिकेत पिकअप हे कष्टकऱ्याइतकेच नोकरदाराचेही घरचे वाहन असल्याने तिथे तयार अस्तर घ्यावे की फवाऱ्याचे, हा प्रश्न बहुतेक नव्या मालकांपुढे येतो.

तयार अस्तर म्हणजे विशिष्ट मॉडेलच्या मापाने उच्च घनतेच्या पॉलिएथिलीन या प्लास्टिकमधून साच्यात घडवलेला टबच. तो स्वस्त असतो, घरच्या घरी बसतो आणि गाडी विकताना काढूनही ठेवता येतो. दगड-विटा आदळल्या तर आघात पसरवून पोचे टाळण्यात तो फवाऱ्याच्या थरापेक्षा सरस ठरतो; मात्र त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावरून सामान घसरते. त्याचा खरा दोष नजरेआड असतो. अस्तर आणि पत्रा यांच्या फटीत वाळू व पाणी शिरते, गाडीच्या कंपनाने ती वाळू रंग घासून काढते आणि उघड्या पडलेल्या पोलादाला गंज चढतो. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या प्रदेशांत हे फार लवकर घडते, आणि अस्तर उचलेपर्यंत मालकाला पत्ताही लागत नाही.

फवाऱ्याच्या अस्तरात पॉलियुरेथेन किंवा पॉलियुरिया या प्लास्टिकसारख्या लेपाचे दोन घटक फवारताना एकत्र येऊन पत्र्यालाच चिकटतात, त्यामुळे पाण्याला वाव उरत नाही. राइनो लाइनिंग्ज आणि लाइन-एक्स ही यातील परिचित नावे. काम टिकते ते मुख्यतः पूर्वतयारीवर : रंग नीट घासला नाही, तेलकटपणा राहिला किंवा गंजावरच थर दिला, तर तो पुढे सुटतो. खरखरीतपणामुळे सामान जागेवर राहते, पण उन्हात रंग विटू शकतो आणि थर काढणे जवळजवळ अशक्य असते.

फोर्डने २०१५च्या एफ-१५० मॉडेलपासून हौदा ॲल्युमिनियमचा केला. त्याला तांबडा गंज चढत नाही, परंतु टोकदार वस्तूने तो सहज चेपतो किंवा फाटतो. अशा हौद्यात जड माल टाकणाऱ्यासाठी बदनाम झालेल्या तयार टबाचाच पुन्हा विचार करावा लागतो.

पेट्रोलचा डबा मात्र प्लास्टिकच्या अस्तरावर ठेवून कधीही भरू नये. प्लास्टिक विद्युतरोधक असल्याने भरताना साठलेला स्थिर विद्युतभार जमिनीत उतरत नाही आणि ठिणगीने वाफ पेटू शकते. अशा आगी घडलेल्या आहेत, म्हणून डबा खाली जमिनीवर ठेवूनच भरावा.