एका कंटेनरची एक खोली

जानेवारी ते एप्रिल म्हणजे आमच्या नाशिककडे द्राक्षांचा हंगाम. पिंपळगाव बसवंतला माझा मामेभाऊ निर्यातीची कागदपत्रं बघतो. परवा त्याच्या शेजारी बसलो होतो. एकाच कंटेनरचा रेसिड्यू रिपोर्ट (द्राक्षांत उरलेल्या कीटकनाशकांच्या तपासणीचा अहवाल) पीडीएफमध्ये, पॅकिंग लिस्ट एक्सेलमध्ये, खरेदीदाराशी बोलणं ईमेलमध्ये, बागेचे फोटो व्हॉट्सॲपवर. तेवढ्यात दुसऱ्या कंटेनरसाठी फोन वाजला. सगळं मिनिमाइज करून त्याच चार सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा शोधाशोध सुरू. त्याच्या मागच्या कपाटात मात्र कागदी फायली ओळीने उभ्या होत्या, एका कंटेनरची एक, दोरीने बांधलेली.

“दादा, संगणकात असंच का लावत नाहीस?”

“तिथे लावता येतं का असं?”

येतं. आणि त्यामागची कल्पना 1968 सालची आहे.

संगणकाची मुख्य स्मृती तेव्हा फार लहान असे. म्हणून प्रोग्रामचे सारख्या आकाराचे तुकडे, म्हणजे ‘पानं’, करून ती मोठ्या पण संथ साठवणीत ठेवत आणि हवं ते पान तेवढं स्मृतीत आणत. एकाच वेळी बरेच प्रोग्राम चालवले की विचित्र प्रकार घडे: एकाचं पान आणायला दुसऱ्याचं बाहेर काढायचं, लगेच त्या दुसऱ्याला ते परत हवं. सगळा वेळ ने-आण करण्यातच जाई. एक ना धड, भाराभर चिंध्या! याला ‘थ्रॅशिंग’ म्हणतात.

संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी यावर ‘वर्किंग सेट’ ही संकल्पना मांडली. प्रोग्राम सगळी पानं सारख्याच प्रमाणात वापरत नाही. एका काळात तो ठरावीक मूठभर पानांभोवती घुटमळतो. गेल्या ‘टी’ इतक्या काळात हात लागलेली पानं म्हणजे त्याचा वर्किंग सेट. तो अख्खा मावणार असेल तरच प्रोग्राम स्मृतीत घ्या, नाहीतर थांबवून ठेवा. यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी: ‘टी’ वाढवत नेला की सेटचा सरासरी आकार वाढतो, पण वाढीचा वेग मंदावत जातो. ‘टी’ आणि सरासरी आकार यांच्या आलेखाचा कोणत्याही बिंदूपाशी जो उतार असतो, तोच हवं ते पान स्मृतीत न सापडण्याचा दर! कलनशास्त्र शिकलेल्यांनी हे कागदावर मांडून पाहावंच.

1986 मध्ये झेरॉक्सच्या पालो अल्टो संशोधन केंद्रातल्या ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनी हाच हिशेब माणसाला लावला. पडदा म्हणजे लहान स्मृती, त्यावर उघडलेल्या खिडक्या (विंडो) म्हणजे पानं. 1984 च्या मॅकिंटॉशचा पडदा अवघा 512 गुणिले 342 ठिपक्यांचा होता. टेबलभर कागद पसरणाऱ्या माणसाचं त्यात काय भागणार? माणूसही एका कामात ठरावीक खिडक्यांभोवतीच फिरतो. मग त्यांनी प्रत्येक कामाला एक ‘खोली’ दिली. खोलीत त्या कामाच्या खिडक्या, दुसऱ्या कामाकडे जायला दार. घड्याळासारख्या खिडक्या सगळ्या खोल्यांत दिसाव्यात म्हणून ‘खिसा’, आणि सोबत न्यायच्या खिडक्यांसाठी ‘सामान’. एकच खिडकी दोन खोल्यांत वेगवेगळ्या जागी ठेवता येई, कारण खिडकी आणि तिची जागा या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या होत्या.

ओघात आलंय म्हणून सांगतो, एका टचमध्ये फोनची रॅम, म्हणजे त्याची मुख्य स्मृती, रिकामी करणाऱ्या ‘बूस्टर’ ॲपच्या नादी लागू नका. ते वर्किंग सेटच बाहेर फेकतं. पुढच्या मिनिटाला तेच सगळं परत आत आणायला वेळ आणि बॅटरी दोन्ही जातात. रिकामी रॅम म्हणजे वेगवान फोन, ही निव्वळ अंधश्रद्धा आहे.

आज विंडोज 10 पासून त्या खोल्यांसारखे अनेक डेस्कटॉप करता येतात, मॅकमध्ये 2007 पासून ‘स्पेसेस’ आहेत. लिनक्सवरच्या केडीई या डेस्कटॉपमध्ये तर ‘ॲक्टिव्हिटीज’ आहेत; तिथे प्रत्येक कामाची अलीकडे उघडलेल्या फायलींची यादीसुद्धा वेगळी राहते. तरीही संगणक सुरू केला की समोर येतात ती सॉफ्टवेअरचीच चित्रं, आणि हे मला खरंच खटकतं.

दादाकडे विंडोज आहे. आम्ही कंटेनरगणिक एक फोल्डर केलं आणि चालू असलेल्या दोन कंटेनरना एकेक डेस्कटॉप दिला. अडचण आली ती बागायतदारांच्या यादीची, कारण ती सगळ्याच कंटेनरना लागते. दादा तिच्या प्रती करायला निघाला होता. मी थांबवलं, प्रत्येक प्रतीत फोन नंबर वेगवेगळे बदलत गेले असते. यादी एकाच जागी ठेवून सगळ्या फोल्डरांत तिचा शॉर्टकट टाकला. खिशातल्या घड्याळासारखा.