पाठीवरचा लाल डाग दुर्लक्षित राहिला तर : हवेची गादी भाड्याने नेणाऱ्या कुटुंबांसाठी माहिती

आमच्याकडून हवेची गादी नेणाऱ्या घरांत अर्धांगवायूचे रुग्ण असतात, तसेच माडावरून किंवा आंब्यावरून पडून कमरेखालची संवेदना गेलेलेही असतात. माकडहाड, खुबा किंवा टाच येथे बोटाने दाबूनही पांढुरका न होणारा लाल डाग ही बेडसोअरची, म्हणजे एकाच जागी सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, पहिली खूण होय. सावळ्या त्वचेवर लाली दिसतेच असे नाही, म्हणून ती जागा आजूबाजूपेक्षा गरम वा कडक लागते का, हे हात लावून पाहावे.

‘दुखत नाही, म्हणजे किरकोळ असेल’ असे आम्हांला अनेकदा सांगितले जाते. मज्जारज्जूला (पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जुडग्याला) इजा झालेल्या रुग्णाला इजेखालच्या भागातील वेदना बहुधा कळतच नाही, आणि हाड व गादी यांमध्ये चेपलेल्या मांसाचा रक्तपुरवठा तुटून कूज पुष्कळदा खोलवर, हाडालगत सुरू होते, त्यामुळे वरून रुपयाएवढी दिसणारी जखम आतून बरीच पोकळ असू शकते. उपचार लांबल्यास संसर्ग हाडात उतरू शकतो, व तो हटवण्यासाठी कित्येक आठवडे प्रतिजैविके आणि प्रसंगी शस्त्रक्रियाही लागते. जंतू रक्तात पसरल्यास ताप, हुडहुडी, धाप किंवा बरळणे दिसते. हे जिवावर बेतणारे असल्याने सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. वाहत्या जखमेतून प्रथिनेही जातात, रुग्ण खंगतो, आणि खंगलेल्या अंगावर जखम भरत नाही.

छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याहून वर इजा असल्यास अशा जखमेमुळे रक्तदाब एकाएकी चढू शकतो, तेव्हा डोके ठणकते व चेहऱ्याला घाम फुटतो. रुग्णाला बसते करावे, कपडे सैल करावेत, लघवीची नळी दुमडलेली नाही ना ते पाहावे आणि तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.

गादी देणे हा आमचा व्यवसाय आहे, परंतु कूस बदलण्याचे काम गादी करीत नाही. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसल्यास ते साधारण दर दोन तासांनी माणसानेच करावयाचे असते. पावसाळ्यात वीज गेली की गादीत हवा भरणारा पंप थांबतो, तेव्हा तर अधिकच लक्ष हवे. त्या दिवसांत नीट न वाळलेली चादर अंथरू नये. लाल जागेवर खोबरेल चोळणे आणि रबरी रिंग ठेवणे या दोन्ही प्रेमाने केलेल्या चुका आहेत, कारण त्यांनी इजा वाढते.

रुग्ण झोपलेला असताना माकडहाडाच्या खाली, गादीच्या तळाशी तळहात सरकवून पाहावा. हाड हाताला जवळजवळ टेकत असेल, तर हवा अपुरी आहे असे समजून आम्हांला त्याच दिवशी कळवावे.